आईबरोबर ब्रूज

शुक्रवार

आई रेवदंड्याहून ब्रुसेल्सला आली त्याला नऊ दिवस झाले होते. मी इथे दीड वर्षासाठी कामानिमित्त आहे आणि तिचा हा पहिलाच परदेश. ग्रँड प्लेस बघून झाला होता, दोन बागा झाल्या होत्या, माझं ऑफिसही बाहेरून दाखवून झालं होतं. शुक्रवारी रात्री भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अगं, आता मला एखादं जुनं गाव दाखव. आपल्या चौलसारखं."

चौलसारखं म्हटल्यावर मला बेल्जियममधल्या ब्रूजशिवाय दुसरं नाव सुचलंच नाही.

आमचं घर रेवदंड्यात, आणि चौल आमच्या शेजारी, चालत जाण्यासारखं. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांच्या कागदात नोंदलेलं बंदर ते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी तिथे उतरला, त्याचं स्मारक आमच्या रेवदंड्यात आहे. आज चौलला नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, तळी आहेत, देवळं आहेत. गलबतं नाहीत. खाडी उथळ होत गेली, मुंबई मोठी झाली, आणि व्यापारी निघून गेले. लहानपणी मी आईला विचारायचे, "इथे खरंच परदेशी जहाजं यायची?" ती नुसतं खाडीकडे बोट दाखवायची.

ब्रूजचंही असंच झालं. फरक एवढाच, की ब्रूजची घरं अजून उभी आहेत.

रात्री दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी डबीत भरली, आणि आईची गुडघ्याला बांधायची पट्टी नि काठी दाराशी काढून ठेवली.

शनिवार

ब्रुसेल्स सेंट्रलहून ब्रूजला जायला तासभर लागतो. गाडी घेंटवरून जाते. खिडकीबाहेर सपाट कुरणं, गायी, आणि ओळीने लावलेली उंच झाडं. "डोंगर कुठेच नाही का गं?" आईने विचारलं. नाही. पुढे दिवसभर जे बघितलं त्याची किल्ली या सपाटीत आहे. इथे जमीन आणि समुद्र यांच्यात अंतर असं फार नसतं. पाणी कधी आत येतं, कधी गाळ टाकून मागे सरतं. ११३४ मध्ये मोठं वादळ झालं आणि समुद्राने किनारा फोडून आत एक फाटा काढला. त्याला झ्विन म्हणतात. या फाट्यामुळे आत वसलेल्या ब्रूजला समुद्र मिळाला आणि पुढची साडेतीनशे वर्षं युरोपभरचा माल इथे येत राहिला. मग त्याच फाट्यात गाळ भरला.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर बहुतेक लोक सरळ मोठ्या चौकाकडे जातात. आम्ही उजवीकडून, मिन्नेवाटर तळ्याच्या काठाने गेलो. आईच्या गुडघ्यांना सकाळी बळ असतं, तेवढ्यात तिला बेगाइनहॉफ हे बायकांचं जुनं आवार दाखवायचं होतं. वाटेत पाण्यावर राजहंस होते. त्यांची आख्यायिका मी तिला सांगितली. १४८८ मध्ये ब्रूजकरांनी आपला राज्यकर्ता मॅक्सिमिलियन याला चौकातल्या एका घरात कोंडलं आणि त्याचा अधिकारी पीटर लांखाल्स याचं डोकं उडवलं. लांखाल्स म्हणजे लांब मानेचा. सुटका झाल्यावर मॅक्सिमिलियनने शिक्षा ठोठावली, की या शहराने लांब मानेचे पक्षी कायम पोसावेत. ही झाली दंतकथा. इतिहासातली शिक्षा जास्त कडक होती: परदेशी व्यापाऱ्यांनी ब्रूज सोडून अँटवर्पला जावं, असा हुकूम त्याने काढला.

तीन कमानींचा पूल ओलांडला की बेगाइनहॉफचा दरवाजा लागतो. कमानीवर 'सोवगार्द' असं कोरलंय, म्हणजे अभय. आत मोठं हिरवं अंगण, उंच सरळ झाडं, आणि चारी बाजूंनी पांढऱ्या रंगाची घरं. हळू बोला, अशी पाटी आहे आणि लोक ती पाळतात.

१२४५ मध्ये फ्लँडर्सची, म्हणजे या प्रांताची, काउंटेस मार्गारेट हिने हे आवार वसवलं. इथे राहणाऱ्या बायकांना बेगीन म्हणत. त्यांत विधवा असत, लग्न न केलेल्या असत. मी आईला सांगत होते, की या नन नव्हत्या. आयुष्यभराची शपथ घेत नसत. इथे राहीपर्यंत ब्रह्मचर्य पाळायचं, आवाराचे नियम पाळायचे, स्वतःची मिळकत स्वतःकडे ठेवायची, आणि लोकर धुऊन, सूत कातून, पुढे पुढे लेस विणून पोट भरायचं.

"आणि सोडून जायचं म्हटलं तर?"

"जाता यायचं. लग्नही करता यायचं."

आई एका बाकावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला तिच्या आजोबांच्या आत्याची गोष्ट सांगितली. मी ती तुटक तुटक ऐकली होती, सलग पहिल्यांदाच ऐकली. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. त्यानंतर साठ वर्षं ती त्याच घराच्या माजघरात राहिली, लाल आलवणात. सगळ्यांची बाळंतपणं तिने काढली, सगळ्यांची लोणची तिने घातली, आणि स्वतःच्या नावावर तिच्याकडे एक पितळेचा डबा होता. "तिला दार होतं," आई म्हणाली, "पण ते उघडून जायचं कुठे, हा प्रश्न होता."

आपल्याकडे धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला तो १८९६ मध्ये. हे आवार त्याच्या साडेसहाशे वर्षं आधीचं. म्हणून इथल्या बायकांचं सगळं सुखाचं होतं असं मात्र नाही. नवरा नाही, मठ नाही, आणि तरी बायका एकत्र राहतात, देवाबद्दल स्वतःच्या भाषेत बोलतात, हे चर्चला खुपत असे. १३१० मध्ये मार्गारीत पोरेत या बेगीन स्त्रीला पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. फ्लँडर्समधली आवारं टिकली ती राजघराण्यांच्या आश्रयाने. दारावरच्या त्या शब्दाचा अर्थ इतका प्रत्यक्ष आहे. ब्रूजच्या या घरांत १९२७ पासून बेनेडिक्टाइन नन राहतात. जगातली शेवटची बेगीन २०१३ मध्ये जवळच्याच कोर्ट्रेक गावी वारली.

निघताना आईने चपला काढून दोन मिनिटं गवतावर पाय टेकले. देवळातून निघताना टेकते तशी.

पुढे सेंट जॉन हॉस्पिटल लागतं. बाराव्या शतकातलं आणि विसाव्या शतकापर्यंत चालू असलेलं. आता तिथे संग्रहालय आहे. खांबांवर तोललेल्या त्या लांबलचक दालनात एकेकाळी रोग्यांच्या खाटा ओळीने असत. १७७८ मधल्या एका चित्रात ते सगळं दिसतं: पडद्याच्या खाटा, सूप वाटणाऱ्या नन, रोग्याला पाहायला आलेला वैद्य. हान्स मेमलिंगने १४८९ मध्ये रंगवलेली संत उर्सुलाची सोनेरी पेटीही इथेच आहे, छोट्या घराच्या आकाराची. मला ती फार आवडते. आई मात्र खाटांच्या चित्रासमोर रेंगाळली.

समोरच्या चर्च ऑफ अवर लेडीचा मनोरा सुमारे ११५ मीटर उंच आहे, आणि तो विटांचा आहे. दगड या भागात मिळतच नाही, तो बाहेरून आणावा लागे. आत उजव्या बाजूला, काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या चौकटीत, मायकेलँजेलोची मरियम आणि बाळ येशू आहेत. ब्रूजच्या मूस्क्रोन या कापडव्यापारी घराण्याने ही मूर्ती इटलीहून विकत आणली. दोनदा ती इथून गेली: १७९४ मध्ये फ्रेंचांनी नेली, १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नेली. दुसऱ्या वेळी ऑस्ट्रियातल्या आल्टाउसे इथल्या मिठाच्या खाणीत सापडली आणि परत आली.

मूर्ती फार मोठी नाही. मरियमच्या कडेवर किंवा मांडीवर बाळ नाही. तो तिच्या गुडघ्यांमध्ये उभा आहे, एक पाय खाली टाकायच्या बेतात. त्याचा एक हात तिच्या हातात आहे. ती त्याच्याकडे बघत नाही, खाली बघते आहे.

"पोर निघालंय," आई म्हणाली.

मी काही बोलले नाही. दीड वर्षापूर्वी मुंबई विमानतळावर तीही अशीच खाली बघत उभी होती.

रोझेनहूडकाईच्या धक्क्यावरून होडीत बसलो. अर्ध्या तासाची फेरी असते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला शहर दाखवायचा तो उत्तम मार्ग आहे. इथले लोक या कालव्यांना 'रेइ' म्हणतात, कारण मुळात ती रेइ नदीच. होडी पुलांखालून जाते तेव्हा मान वाकवावी लागते. घरांच्या पाठी थेट पाण्यात उतरलेल्या, विटांवर शेवाळ, खिडकीत फुलांच्या कुंड्या. पाण्यावरून बघितलं की कळतं, ही घरांची मागची बाजू नव्हतीच. माल इथूनच चढे-उतरे.

मग मार्क्ट, म्हणजे मुख्य चौक. इथे बेलफ्राय नावाचा घंटांचा मनोरा आहे. ८३ मीटर उंच, ३६६ पायऱ्या. आईला खालच्या अंगणात बसवलं, दशम्यांची पिशवी तिच्याकडे दिली आणि मी एकटी चढले.

जिना वर जावा तसा अरुंद होतो. शेवटी तर वरून येणाऱ्याला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं आणि दोराला धरून चढावं लागतं. मध्ये एक खोली आहे, तिथे नगराच्या सनदा आणि पैसा ठेवत. लोखंडी जाळीची दारं, आणि कुलपं अनेक. एकट्या माणसाला ती उघडता येऊ नयेत म्हणून किल्ल्या वेगवेगळ्यांकडे. मला हा मनोरा राजवाड्यापेक्षा मोलाचा वाटतो तो या खोलीमुळे. हा राजाचा नाही, चर्चचा नाही, गावकऱ्यांचा आहे. कामाला कधी लागायचं, कधी थांबायचं, वेशी कधी बंद, आग कुठे लागली, हे सगळं याच घंटा सांगत. आज वर ४७ घंटांचा संच आहे आणि तो वाजवणारा वादक शहराच्या नोकरीत आहे. वरचा अष्टकोनी भाग १४८० च्या दशकात चढवला. त्यावर लाकडी कळसही होता, तो विजेने दोनदा जळला, म्हणून माथा आता सपाट दिसतो.

वरून लाल कौलं दिसतात, आणि उत्तरेला क्षितिजावर पवनचक्क्या. समुद्र त्या तिथे आहे. चौकाच्या पूर्वेला, जिथे आज दगडी सरकारी इमारत उभी आहे, तिथे १७८७ पर्यंत पाण्यावर बांधलेलं छप्पर होतं. होड्या त्याखाली थेट चौकात येऊन भर पावसात कोरडा माल उतरवत. आताची ती इमारत मध्ययुगीन दिसते खरी, पण आहे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. ब्रूजमध्ये असं बरंच आहे: शहर जुनं म्हणून प्रसिद्ध झाल्यावर ते जुनं दिसावं अशी बांधकामं झाली. मला त्यात फसवणूक वाटत नाही, पण बघणाऱ्याला ते ठाऊक असावं.

मी वर असतानाच पाऊण वाजल्याच्या घंटा झाल्या. आवाज कानात न शिरता छातीत शिरतो. खाली आले तर आई म्हणाली, "भीमाशंकरची घंटा आठवली." ती घंटा मूळची चर्चची, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिकडून आलेली. आईला ते माहीत होतं. तिने फक्त आवाजाबद्दल म्हटलं होतं.

मनोऱ्याखाली बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या विकणाऱ्या दोन हिरव्या टपऱ्या आहेत. वास सुंदर येतो. पण बेल्जियममध्ये पारंपरिक पद्धतीने त्या गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारावं. आम्ही विचारलं आणि अंगणातल्या बाकावर दशम्या खाल्ल्या. नंतर गरम वॉफल एकात दोघींनी खाल्लं.

चौकाच्या मध्ये यान ब्रेयडेल आणि पीटर द कोनिंक यांचे पुतळे आहेत. १८ मे १३०२ च्या पहाटे ब्रूजच्या लोकांनी गावात उतरलेल्या फ्रेंच शिपायांवर हल्ला केला. अंधारात परका कोण हे ओळखायला 'स्खिल्ड एन व्रिंट' म्हणायला लावलं, असं सांगतात. घशातला 'ख' फ्रेंचांना काढता येईना, आणि ज्याला तो येईना तो मेला. आपल्याकडे 'ळ' ऐकला की बोलणारा कुठला हे कळतं. उच्चारावर जीव टांगलेला असणं कसं असेल, याचा विचार करत आम्ही तिथे उभ्या होतो.

बुर्ख नावाच्या शेजारच्या चौकात नगरभवन आहे, १३७६ साली बांधायला घेतलेलं, आणि कोपऱ्यात होली ब्लड बॅसिलिका. खालचं दगडी देऊळ बाराव्या शतकातलं, अंधारं आणि जड. वर काचेची कुपी आहे, तिच्यात ख्रिस्ताचं रक्त लागलेलं मानलं जाणारं वस्त्र जपलंय. दरवर्षी असेन्शनच्या दिवशी तिची मिरवणूक निघते. आईने खालच्या देवळात डोळे मिटून हात जोडले. वर जायला पायऱ्या होत्या, म्हणून गेलो नाही.

दुपारी गर्दी मागे टाकून उत्तरेकडे निघालो. व्लामिंगस्ट्रात रस्त्यावर एक घर आहे, तेर बुर्झ. व्हान डेर बुर्स घराण्याची ही सराई. इटालियन व्यापारी आसपास राहत. जेनोआवाल्यांची कोठी अगदी समोर, १३९९ मधली. सराईत आणि बाहेरच्या चौकात ते हुंड्या वटवत, भाव ठरवत, कोणतं जहाज कधी येणार यावर सौदे करत. युरोपातल्या कितीतरी भाषांत शेअर बाजाराला आजही जो 'बुर्स'सारखा शब्द आहे तो या घराण्याच्या नावावरून आला. आईचा मामा आयुष्यभर दलाल स्ट्रीटवर कारकून होता. तिने त्या भिंतीला हात लावून बघितला.

तिथून पाच मिनिटांवर यान व्हान आइक चौक. ब्रूजमधली माझी सगळ्यात आवडती जागा ही. आज इथे कालवा येऊन संपतो, पण मध्ययुगात पाणी पुढेही जाई. एका बाजूला जकातघर, दुसऱ्या बाजूला श्रीमंत नागरिकांची बैठक भरायची ती इमारत. इंग्लंडची लोकर, गॅस्कनीची दारू, बाल्टिकची फर, आणि व्हेनिसमार्गे आलेले मसाले लहान होड्यांतून इथवर येत. जवळच माल उतरवायची लाकडी यारी होती. तिचं मोठं चाक फिरवायला माणसं चाकाच्या आत चालत. चित्रकार यान व्हान आइक ब्रूजमध्येच राहिला, १४४१ मध्ये इथेच वारला, आणि त्याला ज्या सेंट डोनेशियनच्या देवळात पुरलं ते देऊळ १७९९ मध्ये पाडलं गेलं. त्याचा पुतळा तेवढा चौकात आहे.

आईने कठड्याला टेकून पाण्याकडे पाहिलं. "खोल नाहीये फारसं," ती म्हणाली. कोकणातल्या माणसाला पाण्याचा रंग बघून खोली कळते.

मग मी तिला मिरीची गोष्ट सांगितली, जी मला इथे आल्यावर कळली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. झ्विन भरत चालला होता, मॅक्सिमिलियनचा हुकूम झाला होता, तरी ब्रूज तग धरून होतं. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. १५०१ मध्ये पोर्तुगीजांचं मिरीचं जहाज उत्तरेकडे आलं ते ब्रूजला न येता अँटवर्पला लागलं. हिंदुस्थानच्या मालाने अँटवर्प फुगलं आणि ब्रूज रिकामं झालं. आणि त्याच पोर्तुगीजांचं आरमार १५०८ मध्ये आमच्या चौलच्या बंदरात लढत होतं. पुढे त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधला. आमच्या घराच्या गच्चीवरून त्याचा बुरूज दिसतो.

"म्हणजे दोन्हीकडे तीच माणसं," आई म्हणाली.

अडीच वाजता लेस सेंटरला पोहोचलो. जुन्या लेसशाळेच्या इमारतीत ते आहे. दुपारी तिथे बायका बसून प्रत्यक्ष विणून दाखवतात. मुख्य चौकाच्या आसपासच्या दुकानांत लेस ढिगाने मिळते, पण त्यातली बरीचशी यंत्रावरची. ज्यांना खरी बघायची आहे त्यांनी इतकं चालून यावं.

आई पन्नास वर्षं क्रोशाचं काम करते. रेवदंड्याच्या घरातली एकही टीपॉय तिच्या हातच्या रुमालाशिवाय नाही. क्रोशाला एक सुई, एक धागा. इथे त्या बाईंसमोर गोल घट्ट उशी, तिच्यावर टोचून भोकं पाडलेला नकाशा, शेकडो टाचण्या, आणि धाग्यांना लोंबणाऱ्या लाकडी कांड्या. साठ तरी असतील. त्या बाई सत्तरीच्या. बोटं इतकी भराभर चालत होती की कांड्यांचा एकमेकींवर आपटून पावसासारखा आवाज होत होता. पण मूळ क्रिया दोनच: ओलांडायचं आणि पीळ द्यायचा. एका वेळी चारच कांड्या हातात. बाकीच्या वाट बघत पडलेल्या.

आई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारीच बसली. पाऊण तास उठली नाही. एकदा त्या बाई थांबल्या, एक टाचणी उपटली, आणि कांड्या उलट्या क्रमाने फिरवू लागल्या. "चुकलं," आई मला म्हणाली, "उसवतेय." त्या बाईंनी वर बघितलं. त्यांना मराठी कशी कळणार, पण त्या हसल्या आणि नकाशावर चूक कुठे झाली तिथे बोट ठेवलं. आईने मान हलवली. मग त्यांनी सरावासाठी ठेवलेली एक छोटी उशी आईच्या मांडीवर दिली आणि चार कांड्या तिच्या बोटांत अडकवल्या.

मी तोवर भिंतीवरची माहिती वाचत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रूज बेल्जियमच्या अतिशय गरीब शहरांत होतं. बंदर नाही, कापड नाही, कारखाने आले ते दुसरीकडे. हजारो बायका लेस करून जगत. सहा-सात वर्षांच्या मुलींना लेसशाळेत घालत. टाचण्या मोजायची गाणी म्हणत त्या दिवसभर विणत. अगदी बारीक सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून ते दमट तळघरांत कातत. सकाळपासून मी ज्या घरांचे फोटो काढत होते, ती पाडून नवी बांधायला या शहराकडे पैसाच नव्हता. म्हणून ती राहिली. रस्तोरस्ती दिसणारी पांढरी बैठी धर्मशाळा-घरं श्रीमंतांनी म्हाताऱ्या गरिबांसाठी बांधली होती, त्यांत आजही वृद्ध राहतात. मी इथे तिसऱ्यांदा येत होते आणि पहिल्या दोन्ही वेळा मला हे शहर जपून ठेवलेलं वाटलं होतं. या वेळी ते उपाशी राहिलेलं दिसलं.

हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने बोटं थांबवली नाहीत. "बाईच्या पाठीला बघ," ती म्हणाली. त्या लेसवाल्या बाईंची पाठ मानेखाली गोल वळली होती. आईचीही तशीच वळते आहे. मला ते तोवर दिसलं नव्हतं.

तटावरच्या पवनचक्क्या लांबूनच बघितल्या. चार उरल्या आहेत. १७७० मधली सेंट जॉन्स हाऊसची गिरणी मूळ जागेवरच आहे. मग बस पकडून स्टेशनवर आलो. सहा वाजले होते, ऊन भरपूर होतं. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. ब्रुसेल्सची गाडी एका फलाटावर, ओस्टेंडची दुसऱ्या.

"समुद्र गेला तरी कुठे, ते बघू या का?" आईने विचारलं.

ओस्टेंड पंधरा मिनिटांवर आहे. स्टेशनसमोरून किनाऱ्याची ट्राम जाते. बेल्जियमचा सगळा किनारा, ६७ किलोमीटर, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते. आम्ही दोन थांबे गेलो. ओहोटी होती. ओली वाळू लांबच लांब, पाणी करडं, आणि वारा इतका की आईने पदर कमरेला खोचला. मी नको म्हणत असताना ती काठी टेकत टेकत पाण्यापर्यंत गेली. घोटाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळीत घेतलं, चव बघितली.

"खारट कमी आहे आपल्यापेक्षा," म्हणाली.

परतीच्या गाडीत ती घेंट यायच्या आत झोपली.

रविवार

सकाळी उठले तर आई दिवाणखान्यात जमिनीवर. सोफ्याची उशी मांडीवर, तिच्यावर माझ्या शिवणाच्या डबीतल्या टाचण्या, आणि माझ्या टेबलावरच्या चार पेन्सिलींना क्रोशाचा पांढरा धागा गुंडाळलेला. चहा तिच्याशेजारी गार झाला होता. मी विचारलं, जमतंय का. तिने वर न बघता पेन्सिली बोटांत फिरवल्या, पुटपुटली, "आधी ओलांड, मग पीळ. आधी ओलांड..." आणि एक टाचणी उपटून पुन्हा पहिल्यापासून उसवायला लागली.